पंधरा मापांची खोकी आणि एकच रॅपिंग मशीन: सेटिंगचा वेळ कसा कमी करावा?

भोसरीकर | मंगळवार, सकाळी 10:15

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे पॅकिंग युनिट आहे. उदबत्ती, अत्तर, आयुर्वेदिक गोळ्या आणि चहा यांची भरलेली खोकी आमच्याकडे येतात. त्यांवर पारदर्शक बीओपीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) फिल्मचे ओव्हररॅपिंग करून, म्हणजे ती खोक्याभोवती गुंडाळून, आम्ही माल परत पाठवतो. मशीन पूर्णपणे यांत्रिक आहे. एक मुख्य मोटर, एक कॅमशाफ्ट (कॅम म्हणजे उंचवट्यांच्या चकत्या बसवलेला दांडा) आणि त्यावर चालणारे खोके ढकलणारा पुशर, ते उचलणारा एलिव्हेटर, फिल्मच्या घड्या घालणारे फोल्डर आणि फिल्म कापणारी सुरी अशी त्याची रचना असून वेग मिनिटाला 40 खोकी आहे.

दहा वर्षांपूर्वी आमच्याकडे 4 मापे होती आणि एकेक जॉब वीस-पंचवीस हजार खोक्यांचा असे. आता मापे 15 झाली आहेत आणि जॉब दोन-अडीच हजारांवर आला आहे. 2,400 खोक्यांचा जॉब मशीनवर तासाभरात संपतो, पण त्याआधी माप बदलायला 2 तास 20 मिनिटे लागतात. आठ तासांच्या पाळीत दोनच जॉब पुरे होतात आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ मशीन उभे असते.

गेल्या आठवड्यात मी स्वतः घड्याळ घेऊन उभा राहिलो. रीळ आणि फिल्म ओढण्याचा गिअर बदलायला 10 मिनिटे, एलिव्हेटरची पाटी बदलायला 25, दोन्ही बाजूंचे फोल्डर लावायला 35, पुशर आणि मालाचा खण जुळवायला 20, हीटर थंड करून, हलवून पुन्हा तापवायला 15 आणि शेवटी ट्रायलला 35 मिनिटे गेली. ट्रायलमध्ये वाया जाणारी फिल्म आणि चुरगळलेली खोकी यांचा हिशेब वेगळाच आहे.

जुन्या मशीनला सर्वो मोटर (दिलेल्या आकड्याइतक्याच नेमक्या फिरणाऱ्या) बसवाव्यात, नवे मशीन घ्यावे, की याच मशीनवर आणखी काही करता येईल, हे ठरवता येत नाही. ज्यांनी हे काम हाताने केले आहे त्यांचे मत मला हवे आहे.

सर्वोमित्र, चाकण | मंगळवार, दुपारी 1:40

यांत्रिक मशीन मापाच्या बाबतीत ताठर का असते, हे आधी पाहू. पुशरने किती सरकायचे, कधी थांबायचे आणि कोणत्या वेगाने परतायचे हे सर्व कॅमच्या आकारात, म्हणजे लोखंडातच कोरलेले असते. खोके मोठे झाले की ती चाल बदलायला हवी, पण कॅम बदलता येत नाही. म्हणून आपण मधल्या दांड्या, खुंट्या आणि पाट्या बदलून काम भागवतो. सर्वोमध्ये हीच चाल पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकात) आकड्यांच्या तक्त्याच्या रूपाने साठवलेली असते. प्रत्येक मापाची एक रेसिपी असते आणि पडद्यावर ती निवडली की चाल आपोआप बदलते.

तरीही सगळ्या अक्षांवर (हलणाऱ्या भागांवर) सर्वो बसवा, असे मी सांगणार नाही. आपल्या मशीनवर पहिला सर्वो फिल्म ओढण्याच्या रोलरला बसवावा. फिल्मची लांबी आज गिअर बदलून ठरते. ती एकदा आकड्याने ठरू लागली की गिअरची पेटी आणि त्यातली चुकामूक दोन्ही संपतात. हा बदल मशीनच्या एका कोपऱ्यात होतो आणि कॅमशाफ्टला हात लावावा लागत नाही. मुख्य शाफ्टवर एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा) बसवला की सुरी आणि फिल्म यांचा मेळ राहतो.

पुढे कधी गाइड आणि फोल्डर मोटरने हलवायचे झाले, तर एन्कोडर ॲब्सोल्यूट, म्हणजे वीज गेली तरी जागा न विसरणारा घ्यावा. तसा घेतला नाही, तर वीज गेल्यावर प्रत्येक अक्ष मूळ जागी नेऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. आपल्या भागात वीज किती वेळा जाते, हे मी सांगायला नको.

जुना फिटर | मंगळवार, रात्री 9:05

भोसरीकर साहेब, आपण घड्याळ लावून आकडे लिहून काढले याचे मला फार समाधान वाटले. बहुतेक जण फक्त “सेटिंगला वेळ लागतो” एवढेच सांगतात. मी 35 वर्षे पॅकिंग मशीनवर काम केले. आपल्या यादीत माझे लक्ष गेले ते शेवटच्या ओळीकडे, म्हणजे ट्रायलच्या 35 मिनिटांकडे. ट्रायलला इतका वेळ लागतो याचा अर्थ फोल्डर कुठे थांबवायचा हे आपल्या फिटरला आधी माहीत नसते. तो अंदाजाने लावतो, खोके सोडतो, सुरकुती पाहतो, एलन की घेऊन पुन्हा सैल करतो आणि हातोडीने हलकेच सरकवतो. हेच चक्र दहा-बारा वेळा चालते. अशा मशीनवर सर्वो बसवले तरी त्या सर्वोला कोणता आकडा द्यायचा हा प्रश्न उरतोच.

म्हणून आधी मशीनला मोजण्याचा एक ठाव द्यावा. खोक्याचा तळ ज्या पाटीवरून सरकतो ती पाटी कायम एकाच उंचीवर ठेवावी आणि उंचीच्या सगळ्या सेटिंग तिथून वर मोजाव्यात. आडव्या दिशेला मशीनची मध्यरेषा हा ठाव मानावा. काही जण एक बाजू पक्की ठेवून दुसरीच सरकवतात. ते सोपे वाटते, पण ओव्हररॅपिंगमध्ये खोके आणि फिल्मचे रीळ यांचा मध्य एकच असावा लागतो. एक बाजू पक्की ठेवली की प्रत्येक मापाला रीळही सरकवावे लागते आणि आणखी एक सेटिंग आपल्या गळ्यात पडते. त्याऐवजी दोन्ही बाजूंचे फोल्डर एकाच स्क्रूवर घ्यावेत, ज्याचे अर्धे आटे डावे आणि अर्धे उजवे असतील. एक हँडव्हील फिरवले की दोन्ही फोल्डर सारख्याच अंतराने जवळ येतात किंवा लांब जातात. आपली फोल्डरची 35 मिनिटे इथेच अर्ध्याहून खाली येतील.

त्या स्क्रूच्या टोकाला अंकांचा काउंटर बसवावा. खिडकीत थेट मिलिमीटर आणि दशांश दिसतात असे यांत्रिक काउंटर सहज मिळतात, त्यांना विजेची गरज नसते. मग प्रत्येक मापाचे एक कार्ड करावे आणि त्यावर फक्त आकडे असावेत. “थोडे आत”, “जरा वर” असे शब्द कार्डावर येऊ देऊ नयेत. आट्यांमध्ये ढिलाई असतेच, म्हणून आकड्यावर नेहमी एकाच दिशेने यावे. आकडा ओलांडला गेला तर एक पूर्ण फेरा मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यावे. ही सवय लागली नाही तर चांगल्या काउंटरवरही दर वेळी अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडेल, आणि ओव्हररॅपिंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरने सुरकुती पडते.

एलिव्हेटरच्या पाटीबद्दलही सांगतो. प्रत्येक मापाची वेगळी पाटी ठेवण्यापेक्षा दोन कंगवे एकमेकांत अडकवावेत तशी दोन तुकड्यांची पाटी करून घ्यावी. तुकडे लांब नेले तरी दातांमुळे मध्ये मोकळी जागा पडत नाही आणि खोक्याचा तळ सगळीकडे टेकलेला राहतो. अशी पाटी मी स्वतः दोन मशीनवर बसवली आहे.

जपानचे शिगेओ शिंगो यांनी 1969 मध्ये टोयोटाच्या 1,000 टनी प्रेसचे डाय (साचे) बदलण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्याला 4 तास लागत. सहा महिन्यांत ते दीड तासावर आले आणि पुढे तीन मिनिटांवर. त्यांच्या पद्धतीचा गाभा असा, की जी कामे मशीन थांबवूनच करावी लागतात ती आणि जी मशीन चालू असतानाही करता येतात ती आधी वेगळी करायची, आणि मग पहिल्या प्रकारातली जास्तीत जास्त कामे दुसऱ्या प्रकारात न्यायची. आपल्याकडे पुढच्या जॉबचे रीळ, पाटी, कार्ड आणि पाने (स्पॅनर) मशीन थांबण्याआधी शेजारच्या ट्रॉलीवर असतात का, हे एकदा पाहावे. बहुतेक ठिकाणी मशीन थांबल्यावर हेल्पर रीळ आणायला गोदामात जातो.

भोसरीकर | बुधवार, सकाळी 11:30

फिटरकाका, आपला प्रतिसाद मी छापून फिटरच्या हातात दिला. तोही म्हणाला की पहिला फोल्डर अंदाजाने लावला जातो आणि बाकी सगळे त्याच्यावरून जुळवले जाते. हेल्पर गोदामात जातो, हेही खरे आहे.

एक शंका आहे. खोक्याच्या लांबी, रुंदी आणि उंचीपैकी कोणत्या मापाने मशीनचा कोणता भाग हलतो, याचा स्वच्छ नकाशा माझ्याकडे नाही. तो कुणी मांडून दिला तर कार्ड करणे सोपे जाईल.

रीळकटर | बुधवार, दुपारी 4:20

मी फिल्मचे मोठे रोल कापून हव्या त्या रुंदीची रिळे करून देतो, त्यामुळे माझ्या बाजूने हा नकाशा मांडतो.

खोके मशीनमधून ज्या दिशेने सरकते त्या दिशेचे माप रुंदी म्हणू, त्याला आडवे असलेले माप लांबी आणि उभे माप उंची. फिल्म रुंदी आणि उंची यांच्याभोवती गुंडाळली जाते आणि लांबीच्या दोन्ही टोकांना पाकिटासारख्या घड्या पडतात. त्यामुळे कापायच्या फिल्मची लांबी म्हणजे रुंदी आणि उंचीच्या बेरजेची दुप्पट, अधिक तळाच्या जोडासाठी साधारण 15 मिमी. रिळाची रुंदी मात्र खोक्याची लांबी अधिक उंची अधिक सुमारे 10 मिमी असते, कारण प्रत्येक टोकाला वरची आणि खालची घडी अर्ध्या उंचीपेक्षा थोडी जास्त येऊन एकमेकींवर बसते.

आता यातली सोयीची गोष्ट पाहा. 150 × 60 × 40 मिमीच्या खोक्याला 200 मिमी रुंदीचे रीळ लागते. 140 × 70 × 50 मिमीच्या खोक्यालाही 200 चेच लागते आणि 155 × 90 × 35 मिमीच्या खोक्यालाही 200 चेच. फक्त कापायची लांबी वेगवेगळी, अनुक्रमे 215, 255 आणि 265 मिमी. म्हणजे लांबी आणि उंचीची बेरीज ज्यांची सारखी, ती सगळी खोकी एकाच रिळावर चालतात. आपल्या फिल्म ओढण्याच्या रोलरला सर्वो असेल तर या तीन खोक्यांमध्ये रीळ आणि गिअर दोन्हींना हात लावायची गरज नाही. आपली 15 मापे या बेरजेप्रमाणे मांडून पाहा. माझा अंदाज आहे की ती पाच-सहा घरांत बसतील. दोन-तीन मिलिमीटरचा फरक जोडाच्या जास्तीच्या फिल्ममध्ये सामावून जातो.

मशीनच्या भागांचेही असेच आहे. लांबी बदलली की बाजूच्या फोल्डरमधले आणि टोकाच्या हीटरमधले अंतर बदलते. उंची बदलली की वरची पट्टी, टोकाच्या घड्यांचे नांगर (फिल्म दुमडणारी तिरकी पाती) आणि टोकाच्या हीटरची उंची बदलते. रुंदी बदलली की पुशरची चाल, मालाचा खण आणि एलिव्हेटरची पाटी बदलते. म्हणून जॉबचा क्रम लावताना एका वेळी एकच माप बदलेल असे पाहावे. आज सकाळी अत्तराचे छोटे खोके आणि दुपारी चहाचे मोठे असा क्रम लावला की सगळे भाग एकदम हलतात.

फिल्मबद्दल एक सूचना. माप बदलल्यावर सुरकुत्या येतात त्यांचा दोष दर वेळी फोल्डरचा नसतो. लहान तुकडा हलका असतो. कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज साठते आणि तो पाटीला चिकटून तिरका बसतो. हिवाळ्यात पुण्याच्या हवेत हे मी दरवर्षी पाहतो. सुरीजवळ स्थिर वीज काढणारी पट्टी बसवली आणि सुरीची धार वेळेवर काढली, तर अर्ध्या तक्रारी फोल्डरपर्यंत जातच नाहीत.

कार्टनताई | गुरुवार, सकाळी 9:50

मी छापील कार्टन बनवते आणि या चर्चेत खोक्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहीत आहे. आपण 150 मिमी म्हणता तेव्हा ते माप कोणते असते? आमच्या डायच्या (बोर्ड कापण्याच्या साच्याच्या) रेखाटनात घडीच्या रेषेपासून रेषेपर्यंतचे माप असते. त्यात बोर्डाची जाडी आली, चिकटवलेल्या पट्टीची जाडी आली आणि माल भरल्यावर पोट फुगले, की बाहेरचे माप दीड-दोन मिलिमीटरने सहज वाढते. उदबत्तीच्या आणि चहाच्या खोक्यांत हे हमखास घडते. म्हणून सेटिंग कार्डावर माझ्या रेखाटनातला आकडा लिहू नये. भरलेली, बंद केलेली निदान 20 खोकी व्हर्नियरने मोजावीत आणि सगळ्यांत मोठे व सगळ्यांत लहान अशी दोन्ही मापे लिहावीत.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. बोर्ड हवेतला ओलावा शोषतो आणि तंतू ज्या दिशेला आहेत त्याच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. जूनमध्ये बरोबर बसलेले खोके ऑगस्टमध्ये गाइडला घासते ते याच कारणाने. खोकी मशीनवर घेण्यापूर्वी एक दिवस पॅकिंगच्या खोलीतच ठेवली, तर एकाच जॉबमधल्या खोक्यांमधला फरक बराच कमी होतो.

मापे का वाढली याचेही एक कारण सांगते. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम 2011 मध्ये चहा, बिस्किटे अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्यात अशी अनुसूची होती. 2021 च्या दुरुस्तीने ती वगळली गेली आणि प्रति एकक किंमत छापण्याची पद्धत आली. आता उत्पादक कोणतेही वजन ठरवू शकतो, आणि वजन बदलले की तो खोकेही बदलतो. माझ्याकडे येणाऱ्या नव्या डायमध्ये बऱ्याच वेळा फरक चार-पाच मिलिमीटरचाच असतो. रीळकटर यांनी सांगितलेली बेरीज मला आधी माहीत असती, तर मी ग्राहकाला सांगितले असते की उंची 4 मिमीने वाढवताना लांबी 4 मिमीने कमी करा. पॅकिंग करणाऱ्याने कार्टन बनवणाऱ्याशी डाय तयार होण्याआधी बोलावे, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. एकदा डाय कापला गेला की त्या मापासोबत वर्षानुवर्षे राहावे लागते.

नवशिका अभियंता | गुरुवार, दुपारी 12:10

साइड सीलर प्रकारच्या श्रिंक रॅपिंग मशीनचा विचार केला आहे का? त्यात खोक्याच्या एका बाजूने फिल्म सलग सील होत जाते, समोरचा फोटोसेल खोके केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले हे पाहतो आणि त्यानुसार आडवा सील बसतो. लांबीचे (इथे खोके सरकते त्या दिशेच्या मापाचे) सेटिंग करावेच लागत नाही. वेगवेगळ्या लांबीची खोकी एकामागून एक सोडली तरी चालतात, रुंदी आणि उंचीसाठी मात्र फिल्म उघडणारा भाग हलवावा लागतो. पुढे गरम हवेच्या बोगद्यात फिल्म आवळली जाते.

भोसरीकर | गुरुवार, दुपारी 12:55

विचार केला होता. चहा आणि गोळ्यांसाठी ते चालेल, पण अत्तराच्या ग्राहकांना पाकिटासारख्या नेटक्या घड्या आणि उघडायची सोनेरी पट्टी हवी असते. श्रिंकमध्ये कोपऱ्यावर फिल्मचे छोटे कान उरतात, ते त्यांना मान्य नाहीत. शिवाय पातळ बोर्डाचे खोके आवळले गेले की त्याच्या कडा आत वाकतात. तरीही आपण म्हणता ते लक्षात ठेवतो. निम्मी मापे त्या मशीनवर गेली, तर उरलेल्यांसाठी हे मशीन पुरेसे लवचीक आहे असे म्हणता येईल.

मिठाईवाले | गुरुवार, संध्याकाळी 6:30

आमच्याकडे पाव किलो, अर्धा किलो आणि एक किलो अशा तीन मापांचे मिठाईचे डबे आहेत. दिवाळीआधी ते अशा मशीनवर करून मिळतील का?

रीळकटर | गुरुवार, संध्याकाळी 7:15

दादा, मिठाईच्या डब्यांभोवतीची प्लास्टिक फिल्म 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे. निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांच्याभोवतीची फिल्मही त्याच यादीत आहे. त्यामुळे आपल्यासाठी कागदाचाच विचार करावा लागेल.

सर्वोमित्र, चाकण | गुरुवार, रात्री 8:40

कागदाचा विषय निघालाच आहे तर थोडे सांगतो, कारण पुढे आपल्या सर्वांना त्याकडे वळावे लागेल असे मला वाटते. कागद घडी धरून ठेवतो, फिल्मसारखा परत उसळत नाही, हा त्याचा गुण आहे. पण साधा कागद उष्णतेने चिकटत नाही, त्याला गरम गोंद लागतो. मापाच्या दृष्टीने ही उलट सोयीची गोष्ट आहे. फिल्मला हीटरची पट्टी खोक्याच्या संपूर्ण जोडावर टेकावी लागते, म्हणून माप बदलले की पट्टी हलवावी लागते. गोंदाचे नोझल एका जागी स्थिर असते, खोके त्याखालून जाताना कधी उघडायचे आणि कधी मिटायचे एवढेच ठरवायचे असते, आणि ते पडद्यावरच्या आकड्याने होते.

हीटरबद्दल मूळ प्रश्नातही एक मुद्दा आहे. सील होणारी बीओपीपी फिल्म ही अनेक थरांची असते. तिचा बाहेरचा पातळ थर साधारण 110 ते 140 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात चिकटतो, तर मधला पॉलिप्रॉपिलीनचा थर 160 अंशांच्या पुढे वितळतो. या दोन्हींमधल्या जागेत आपल्याला राहायचे असते. खोके रुंद झाले की तेवढ्याच वेगात त्याचे टोक हीटरसमोर वेगळ्या वेळेपुरते राहते. म्हणून तापमानही कार्डावर मापागणिक लिहावे. आणि हलवण्यासाठी हीटर थंड करू नये. हीटर ज्या पट्टीवर बसला आहे तीच दूर सरकेल आणि बाहेरून हँडव्हीलने फिरवता येईल अशी रचना करावी. त्यावर जाळी आणि दार उघडताच मशीन थांबवणारा स्विच असावाच. आपली 15 मिनिटे मुख्यतः थंड होण्यात आणि पुन्हा तापण्यात जात आहेत.

जुना फिटर | शुक्रवार, सकाळी 7:30

सर्वोमित्र यांनी जाळीचा उल्लेख केला ते फार बरे झाले. घाईत सेटिंग करताना हात भाजलेले आणि सुरीखाली बोट गेलेले मी पाहिले आहे. सेटिंगचा वेळ कमी करण्याच्या नादात दाराच्या स्विचला तार गुंडाळू नका.

भोसरीकर | नऊ आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी 10:00

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याचा हिशेब देणे माझे कर्तव्य आहे.

आम्ही आधी 15 मापे लांबी आणि उंचीच्या बेरजेप्रमाणे मांडली. ती 6 घरांत बसली. नंतर कार्टनताईंच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक मापाची 20 भरलेली खोकी मोजली. आयुर्वेदिक गोळ्यांच्या एका खोक्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे यांत 2.5 मिमी फरक निघाला. इतके दिवस आम्ही त्याचा दोष फोल्डरला देत होतो.

पुढचे काम आम्ही गुरुवारच्या सुट्टीच्या दिवसांत केले, म्हणजे चालू माल थांबला नाही. बाजूच्या फोल्डरसाठी डाव्या-उजव्या आट्यांचा एक स्क्रू जवळच्या वर्कशॉपमधून करून घेतला आणि त्याला काउंटर बसवला. उंचीसाठी दुसरा काउंटर आणि पुशरसाठी तिसरा. एलिव्हेटरची कंगव्याची पाटी पहिल्या खेपेला बिघडली. दातांच्या कडा धारदार राहिल्या होत्या आणि त्यामुळे अत्तराच्या चकचकीत खोक्यांच्या तळाला ओरखडे पडले. तो पूर्ण जॉब आम्हाला भरून द्यावा लागला. नंतर दातांच्या कडा गोल केल्या आणि वर टेफ्लॉनची पट्टी लावली, तेव्हापासून तक्रार नाही. सर्वो फक्त एकच बसवला, फिल्म ओढण्याच्या रोलरला.

आता रीळ बदलायला 5 मिनिटे, एलिव्हेटरला 4, बाजूच्या फोल्डरला 12, पुशर आणि खणाला 8, हीटरला 5 आणि ट्रायलला 9, असे एकूण 43 मिनिटे लागतात. एकाच घरातले पुढचे माप असेल तर रिळाची 5 मिनिटेही वाचतात. आठ तासांच्या पाळीत आता चार जॉब होतात. फोल्डरला अजून 12 मिनिटे का लागतात हे मी पाहिले, तेव्हा लक्षात आले की मागच्या बाजूचे दोन बोल्ट अजूनही एलन कीनेच सैल करावे लागतात. त्यांच्या जागी हाताने फिरवायची मूठ बसवायची आहे.

एक माप मात्र अजून नीट होत नाही. अत्तराचे 100 × 35 × 45 मिमीचे उभे खोके. सगळे आकडे बरोबर लावूनही टोकाला फिल्मचा जाड गोळा होतो आणि सील सुटतो. तापमान वाढवले की फिल्म आकसते. याचे कारण कुणी सांगू शकेल का?

रीळकटर | रविवार, दुपारी 1:20

कारण भूमितीत आहे. आपले रीळ 100 अधिक 45 अधिक 10, म्हणजे 155 मिमीचे असणार. खोक्याच्या प्रत्येक टोकापुढे 27.5 मिमी फिल्म शिल्लक राहते. टोकाला आधी डावी आणि उजवी घडी आत येते आणि प्रत्येकीची खोली तेवढीच, 27.5 मिमी. दोन्ही मिळून 55 मिमी, आणि खोक्याची रुंदी फक्त 35. म्हणजे 20 मिमी भागात एक घडी दुसरीवर चढते. त्यावर वरची आणि खालची घडी येते आणि इतक्या थरांमधून उष्णता आतल्या थरापर्यंत पोहोचत नाही. उंची रुंदीपेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक खोक्यात हे होणार.

खोके आडवे करून सोडा. रुंदी 45 आणि उंची 35 होईल. रीळ 145 मिमीचे लागेल, टोकाची फिल्म 22.5 मिमी, आणि दोन्ही घड्या 45 मिमीत बरोबर एकमेकींना टेकतील. कापायची लांबी दोन्ही वेळा 175 मिमीच राहते. वर प्रत्येक खोक्यामागे फिल्मची 10 मिमी रुंदीही वाचेल.

भोसरीकर | सोमवार, रात्री 8:10

आज 145 चे रीळ आणून खोके आडवे सोडले. पहिल्या 50 पैकी 48 खोक्यांची टोके सपाट आणि सील पक्के आले. उरलेली दोन खोकी येणाऱ्या घसरणीवर आडवी होताना कलंडली होती, म्हणून त्या घसरणीला बाजूची पट्टी लावायला फिटर उद्या सकाळी लवकर येतो म्हणाला आहे.